लिनक्सवर केबीहिट का सापडत नाही?

टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर स्नेकचा गेम लिहिलेली मुलं ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रुजू होऊन लिनक्सवर काम करू लागली, की एक प्रश्न हमखास विचारतात: केबीहिट (kbhit), म्हणजे कळ दाबली गेलीय का ते सांगणारं फंक्शन, कुठे गेलं? खरं तर प्रमाणित सी भाषेत ते कधी नव्हतंच. ती डॉसच्या कंपायलरांनी दिलेली सोय. पीसीवर माणूस एक, चालू प्रोग्रॅमही एकच. बायोस, म्हणजे पीसीतलं मूळ सॉफ्टवेअर, 15 कळांपर्यंतचं टायपिंग बफरमध्ये साठवी आणि केबीहिट तिथे काही पडलंय का, एवढंच बघे. लूपच्या प्रत्येक फेरीत विचारलं तरी कुणाचं काही अडत नसे.

युनिक्सचं तसं नव्हतं. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत लवकरच एका यंत्रावर अनेक जण काम करू लागले, तेही टेलिटाइपवरून, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवरून. मॉडेल 33 टेलिटाइप सेकंदाला 10 अक्षरं कागदावर उमटवी. दर अक्षराला प्रोग्रॅम जागा करणं परवडणारं नव्हतं. म्हणून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाच, ओळ जमवी, चुका दुरुस्त करू देई आणि एंटर दाबल्यावरच ती प्रोग्रॅमच्या हाती देई. टर्मिनल आजही मुळात असंच वागतं, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत टर्मिनलचा सीब्रेक मोड आला. त्यात एंटरची वाट संपली, पण कळ दाबली नाही तर रीड, म्हणजे अक्षर वाचणारं फंक्शन, थांबूनच राही. एंटरसाठी थांबणं आणि कळेसाठी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. दुसरीवर उपाय म्हणून बर्कलेच्या युनिक्सने, 1983 च्या 4.2 बीएसडीने, सिलेक्ट हे फंक्शन दिलं: ठरावीक वेळ झोप, कळ आली तर आधीच जागा हो. 1988 च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने टर्मिनलची सेटिंग्ज बदलण्याची टर्मिऑस ही पद्धत प्रमाणित केली. त्यात किमान किती अक्षरांसाठी आणि किती वेळ थांबायचं हे ठरवणारे व्हीमिन आणि व्हीटाइम दोन्ही शून्य ठेवले, की रीड लगेच परततं.

ओ-नॉनब्लॉक हा रीडला थांबू न देणारा फ्लॅग लावून रिकामा लूप फिरवणं मात्र टाळावं. सीपीयूचा एक कोर त्यातच अडकतो. शिवाय तो फ्लॅग उघडलेल्या फाइलशी जोडलेला असतो, त्यामुळे तेच टर्मिनल वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमलाही तो बाधतो. सीब्रेक आणि सिलेक्ट ही जोडी पुरते. सुरुवातीलाच टर्मिनलची जुनी सेटिंग्ज टीसीगेटअ‍ॅट्र या फंक्शनने जपून ठेवा, बाहेर पडताना परत लावा. प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि शेलमध्ये टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) ही कमांड द्यायची.