गर्टिन की टर्नर? सहीपेक्षा कागद बघा

थॉमस गर्टिन आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर हे दोघे इंग्रज जलरंग चित्रकार १७७५ साली लंडनमध्ये जन्मले. टर्नर १८५१ पर्यंत जगला, गर्टिन १८०२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षीच गेला. ‘टॉम जगला असता तर मी उपाशी मेलो असतो’ हे वाक्य टर्नरच्या नावावर सांगितलं जातं. खरंखोटं काही असो, त्या वाक्याने गर्टिनचं नुकसानच केलं. त्याने काय केलं यापेक्षा पुढे काय केलं असतं, यावरच चर्चा होत राहिली.

दोघांची गल्लत होते ती मुख्यतः मनोरुग्णांचे डॉक्टर आणि चित्रसंग्राहक थॉमस मन्रो यांच्याकडच्या चित्रांत. साधारण १७९४ ते १७९७ या काळात दोघे संध्याकाळी सहा ते दहा मन्रोंच्या घरी चित्रांच्या नकला करायला बसत. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग आणि जेवण मिळे. समोर बहुधा चित्रकार जॉन रॉबर्ट कोझेन्सची इटलीतली वगैरे रेखाटनं असत. तो मन्रोंचाच मनोरुग्ण होता. गर्टिन बाह्यरेषा काढायचा आणि टर्नर त्यावर वॉश (पातळ रंगाचा हात) द्यायचा, असं दोघांनीच १७९८ मध्ये चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनला सांगितलं. करड्या-निळ्या वॉशमधली ही इटली तोवर दोघांपैकी कुणीच पाहिलेली नव्हती. १८३३ मध्ये मन्रोंचा संग्रह लिलावात निघाला, तेव्हा त्यातली बरीच चित्रं टर्नरनेच घेतली. पुढे ती त्याच्या संग्रहासोबत राष्ट्राकडे गेली आणि दीर्घकाळ एकट्या टर्नरच्या नावावर राहिली. अशा चित्राला ‘कुणाचं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. पेन्सिल कुणाची आणि वॉश कुणाचा, असं वेगवेगळं विचारावं. तरीही जपून, कारण रेघ कोझेन्सवरून उतरवलेली असल्याने गर्टिनचे एरवीचे तुटक, ठिपकेदार फटकारे इथे दबलेले असतात.

१७९७ नंतर मात्र वाटा स्पष्ट वेगळ्या होतात, आणि फरक कागदापासून सुरू होतो. गर्टिनला खरखरीत, मळकट पांढरा कार्ट्रिज कागद (जाड, साधा कागद) आवडे. त्यावर कागद बनवण्याच्या साच्यातल्या तारांच्या पुसट रेघा दिसतात. हा कागद दुकानातून घडी घालूनच यायचा. घडीवर कागदाची खळ (रंग आत शोषू न देणारा थर) मोडते, तिथे रंग आत शोषला जातो आणि आकाशाच्या मधोमध डागांची ओळ उमटते. खरं तर हा दोषच, पण संग्राहक त्याला अस्सलपणाची खूण मानून जास्त पैसे मोजत, अशी नोंद आहे. (ज्या खुणेला भाव मिळतो तिची नक्कलही होणार, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये.)

उजेड कसा आणलाय ते पाहणं जास्त भरवशाचं. गर्टिन उजेड आधीच ठरवून राखतो. ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ (१८००) या चित्रातलं ते पांढरं घर म्हणजे रंगाविना सोडलेला कागद. भोवती रुंद, शांत वॉश. एकदा वॉश चुकला की ही पद्धत सावरता येत नाही. टर्नर उलट उजेड नंतर काढतो. रंग दिल्यावर हव्या त्या जागी पाण्याचा ब्रश फिरवायचा, सैल झालेला रंग टिपकागदाने उचलायचा, मग पावाच्या चुऱ्याने ती जागा साफ करायची; ही कृती फॅरिंग्टनने १८०४ मध्ये लिहून ठेवली आहे. शिवाय खरवडणं होतंच. म्हणून टर्नरच्या उजेडाच्या जागी कागदाचा पृष्ठभाग दुखावलेला दिसतो, गर्टिनच्या जागी तो शाबूत असतो. तिरका प्रकाश टाकून भिंगातून पाहिलं की हे लगेच कळतं.

रंगावरून निवाडा करताना सर्वांत जास्त फसगत होते. गर्टिन ढगांचा करडा रंग इंडिगो हा निळा आणि इंडियन रेड हा लाल मिसळून करायचा. उजेडात इंडिगो उडतो, लोहयुक्त लाल टिकतो, आणि थंड करडं आकाश तांबूस होतं. मग त्या तांबूसपणालाच कुणी ‘गर्टिनची उदास छटा’ म्हणतं, जी त्याने रंगवलेलीच नाही. शक्य असेल तर माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकली गेलेली कडेची पट्टी पाहावी. मूळ निळा तिथे उरलेला असू शकतो. टर्नरची विकली जाऊन वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेली चित्रंही अशीच उडाली आहेत. तेव्हा पेटीत जपलेला टर्नर आणि दिवाणखान्यात टांगलेला गर्टिन शेजारी ठेवून रंगांची तुलना करू नये.