चेटकीण ठरवणारी पावणेदोन लिटर हवा

तरंगली तर चेटकीण म्हणून फासावर, बुडाली तर निर्दोष, पण मेलेली. संशयित बाईला बांधून पाण्यात टाकायच्या जलपरीक्षेची ही गोष्ट फॉरवर्ड होत इतकी फिरली आहे की ती आता कुणी तपासतही नाही. व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीत १० जुलै १७०६ रोजी ग्रेस शेरवूड या विधवेला बांधून लिनहेवन नदीत सोडलं, तेव्हा कोर्टाने तिला बुडू देऊ नका असं आदेशातच बजावलं होतं. त्याआधी ठरलेल्या दिवशी पाऊस लागला, तर तिची तब्येत बिघडेल म्हणून परीक्षा पुढे ढकलली! छळातसुद्धा शिस्त होती.

आरोप म्हणाल तर शेजाऱ्याची डुकरं, कुणाचा कापूस, काळं मांजर होऊन कुलपाच्या भोकातून बाहेर पडणं. एलिझाबेथ हिल या शेजारणीने मारहाण केली म्हणून ग्रेसने दावा लावला आणि भरपाई जिंकली. मग हिल कुटुंबाने तिच्यावर चेटकाची तक्रार केली.

आणि ग्रेस तरंगली. पवित्र पाणी पाप्याला पोटात घेत नाही, हे तेव्हाचं शास्त्र. आपण आर्किमिडीजकडे जाऊ.

चरबी लिटरला ०.९ किलो भरते, बाकीचं शरीर साधारण १.१ किलो. ६० किलोच्या बाईत २५ टक्के चरबी धरली, तर फुप्फुसातली हवा वगळून तिचं आकारमान ५७.६ लिटर येतं. गोड्या पाण्यात तिला तेवढ्याच किलोंचा आधार मिळतो, म्हणजे तूट २.४ किलोची. ती भरून काढायची हवेने, लिटरमागे एक किलो. जोर लावून श्वास सोडला तरी फुप्फुसात लिटरभर हवा उरतेच आणि छाती भरून घेतली तर चार लिटरच्या आसपास मावते. २.४ चा आकडा या दोन्हींच्या मधोमध पडतो. बाई तीच, पाणी तेच. श्वास घेतला की चेटकीण, सोडला की निर्दोष.

त्यात लिनहेवन चेसापीक उपसागराला मिळते, तिथे भरतीचं पाणी आत येतं. अशा मचूळ पाण्याची घनता १.०१ धरली तरी लागणारी हवा १.८ लिटरवर येते. घाबरलेला माणूस पाण्यात पडताना श्वास रोखून धरतो, त्याच्या छातीत याहून जास्तच हवा असते.

पुढची गंमत बॉइलच्या नियमात आहे. मीटरभर खाली गेलं की दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो आणि १.८ लिटर हवा १.६४ लिटरची होते. आधार घटतो, शरीर आणखी खाली जातं, हवा आणखी आकसते. म्हणजे हा समतोल अस्थिर आहे. ज्याची हवा जेमतेम पुरते अशा माणसाचं बुडणं किंवा तरंगणं सुरुवातीच्या ढकलण्यावर आणि काठावरून दोरी कुणी किती ताणून धरली यावरही ठरू शकतं. दोरी धरणाऱ्याचं मत आधीच बनलेलं असेल, तर नदीने काय करावं?

बांधण्याची पद्धतही बघा. उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला, डावा उजव्याला. अंगाची जुडी होते आणि पाठ वर येते. पोहण्याच्या वर्गात नवख्यांना गुडघे कवटाळून तरंगायला शिकवतात, ती जवळपास हीच मुद्रा.

सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी गावात कुणी आजारी पडलं की संशय एकट्या बाईवरच जातो. तिथे नदीही लागत नाही, भगताचा शब्द पुरतो.

ग्रेसला परीक्षेनंतर तुरुंगात टाकलं. १७१४ मध्ये तिने आपली १४५ एकर जमीन परत मिळवली आणि १७४० मध्ये, ऐंशीच्या घरात, ती वारली. परीक्षेला ३०० वर्षं झाली त्याच तारखेला, १० जुलै २००६ रोजी, व्हर्जिनियाचे गव्हर्नर टिम केन यांनी तिचं नाव अधिकृतपणे निष्कलंक ठरवलं.