प्लास्टिक पिशवीबंदी (महाराष्ट्र)

दुकानदार गिऱ्हाइकाला सामान नेण्यासाठी देतो त्या प्लास्टिक पिशव्यांचे उत्पादन, साठा, वाहतूक, विक्री आणि वापर यांवर महाराष्ट्रात असलेली कायदेशीर मनाई. अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली. साठा संपवायला मुदत देऊन प्रत्यक्ष कारवाई २३ जून २०१८ पासून सुरू झाली. मधल्या काळात उत्पादकांनी मागितलेली स्थगिती मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. बंदीला आधार २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याचा आहे. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद.

या बंदीच्या मुळाशी पाणी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. नाले आणि गटारे तुंबण्याच्या कारणांत पातळ पिशव्यांचे नाव पुढे आले आणि २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पुरामुळे जाग आलेले हे पहिले शहर नव्हे. ढाक्यात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत हेच दिसले होते आणि २००२ मध्ये बांगलादेशाने पातळ पॉलिथिन पिशव्या देशभर बंद केल्या.

नियम मायक्रॉनमध्ये का मोजतात, हे तराजूवर समजते. ३० बाय ४० सेंटिमीटरची, १५ मायक्रॉन जाडीची कुरकुरणारी पिशवी जेमतेम साडेतीन ग्रॅम भरते, म्हणजे किलोला जवळपास तीनशे पिशव्या. तेवढ्या वेचून, झटकून, वाळवून हातात येतात थोडे रुपये. कचरावेचक तिला हात लावत नाही आणि ती वाऱ्याबरोबर नाल्यात जाते. तीच पिशवी ५० मायक्रॉनची केली तर ११ ग्रॅम, १२० मायक्रॉनची केली तर २६ ग्रॅमच्या आसपास. वजन वाढले की दुकानदाराला ती फुकट देणे परवडत नाही आणि वेचणाऱ्याला उचलणे परवडते. केंद्राने ही मर्यादा सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनवर नेली. महाराष्ट्राची २०१८ ची अधिसूचना मात्र जाडी पाहतच नाही. त्यामुळे ‘एकशेवीसची आहे, चालते’ हे दुकानातले उत्तर इथे लागू होत नाही. तपासणीत आणखी एक घोळ होतो. पिशवी मिटलेली असताना मायक्रोमीटरमध्ये धरली तर दोन पदर एकदम मोजले जातात आणि जाडी दुप्पट दिसते. एक बाजू कापून एकच पदर मोजावा लागतो.

कापडी म्हणून हाती पडणारी नॉन-वोव्हन पिशवी कापड नसते, पॉलिप्रोपिलीन असते. तिच्यावर ठिपक्यांची दाबलेली नक्षी दिसते आणि ताणून पाहिली तरी उभे-आडवे धागे सापडत नाहीत. तिचा तंतू जाळला तर वितळून कडक मणी होतो. सुताची राख होते. २०१८ मध्ये तिच्यावरही बंदी होती. पुढे ६० जीएसएम (चौरस मीटरला ६० ग्रॅम) व त्याहून जाड पिशव्यांना सवलत मिळाली. पातळ नॉन-वोव्हन चार-सहा वापरांत उसवते आणि तिचे बारीक तंतू मातीत उरतात, म्हणून ती पातळ प्लास्टिकइतकीच वाईट. दर खेपेला नवी सुती पिशवी विकत घेणेही चुकीचे आहे, कारण कापसाला लागलेले पाणी आणि वीज पुष्कळ वापरानंतरच वसूल होते. घरच्या जुन्या चादरीची किंवा जाड साडीची, धरायचे पट्टे तळापर्यंत खाली घेऊन शिवलेली पिशवी पाच किलो सहज पेलते. मासळी-मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा.

बंदीतून औषधांची वेष्टने, निर्यातीचा माल आणि ५० मायक्रॉनपेक्षा जाड दुधाच्या पिशव्या वगळल्या आहेत. दुधाची पिशवी एलडी (कमी घनतेचे पॉलिथिन) जातीच्या मऊ प्लास्टिकची असते आणि भंगारात तिला खरी मागणी आहे, पण ती कशी कापली यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कोपरा पूर्ण कापून टाकला तर नखाएवढा तुकडा कोणत्याही चाळणीत सापडत नाही आणि गटारात जातो. चीर अशी द्यावी की कोपरा पिशवीला लटकून राहील. मग अर्धा कप पाण्याने विसळून (ते पाणी कुंडीत घालावे) उलटी टांगून वाळवायची. नासक्या दुधाचा वास लागलेला गठ्ठा घेणारा भाव पाडतो किंवा घेतच नाही. तेलाच्या पिशवीला नुसते पाणी पुरत नाही. आधी रद्दीने पुसून मग साबण लावावा.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायला सांगितले. सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे ओला कचरा प्लास्टिक पिशवीत गाठ मारून देणे. आत हवा जात नाही, कचरा कुजून पाणी सुटते आणि ती गाठ कुणाला तरी हाताने फोडावी लागते. पुण्यात हे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार करतात. २००८ मध्ये संस्थेचा महापालिकेशी करार झाला. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत तिथे रुजवली गेली, ती याच हातांसाठी. ओल्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे दोन थर घालावेत आणि भाजीचे पाणी आधी निथळून घ्यावे. पिशवीची गरजच उरत नाही.

सुका कचरा पुढे मुंबईत धारावीच्या ‘तेरा कंपाउंड’ या भंगाराच्या वस्तीसारख्या ठिकाणी जातो. तिथे रंग आणि जात निवडून माल दळतात, धुतात, वाळवतात, वितळवून दोऱ्या ओढतात आणि त्या कापून दाणा करतात. पाण्याच्या टाकीत पेटचा (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक) चुरा बुडतो, पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगते. बाटलीचे झाकण वेगळ्या जातीचे असते, ते या टाकीतच सुटे होते. चिप्सचे चकचकीत पाकीट मात्र इथे कुणी घेत नाही, कारण प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांपासून सुटत नाहीत. ते फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक असायला हवा. ती कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली सुमारे ५८ अंश सेल्सिअसची ऊब लागते. घरच्या कुंडीत तेवढी उष्णता टिकत नाही, आणि भंगारात ती एलडीच्या गठ्ठ्यात मिसळली तर दाण्याची प्रत बिघडवते.