बाख, योहान सेबास्टियन

(२१ मार्च १६८५ – २८ जुलै १७५०). जर्मन संगीतरचनाकार व ऑर्गनवादक. पाश्चात्त्य संगीतातील बरोक कालखंड ढोबळमानाने १६०० ते १७५० असा मानतात. त्यातले शेवटचे वर्ष बाखच्या मृत्यूचे आहे, यावरून त्याचे आजचे स्थान लक्षात यावे. त्याच्या हयातीत मात्र हे फारसे कुणाला पटले नसते. समकालीनांच्या लेखी तो असामान्य ऑर्गनवादक होता आणि रचनाकार म्हणून जरा जुन्या वळणाचा. आयुष्यभर त्याने नोकरी केली. कधी चर्चची, कधी दरबाराची, कधी नगरसभेची. आज अभिजात म्हणून वाजवल्या जाणाऱ्या त्याच्या बहुतेक रचना त्या त्या नोकरीच्या गरजेतून आल्या. त्यामुळे कोणत्या साली त्याने काय लिहिले हे समजून घ्यायचे, तर तेव्हा त्याचा धनी कोण होता हे आधी पाहावे लागते.

घराणे व बालपण

बाखचा जन्म मध्य जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, आयझेनाख या गावी झाला. वडील योहान आम्ब्रोझिउस हे गावच्या वादकांचे प्रमुख. या घराण्यात पिढ्यानपिढ्या इतके संगीतकार झाले की आसपासच्या गावांत चर्चचा ऑर्गन किंवा नगराचे वाद्यवृंद पाहावेत, तर कुठला तरी बाख तिथे असायचाच. १७३५ मध्ये बाखने स्वतः घराण्याची वंशावळ लिहून काढली. तिची सुरुवात फाइट बाख या भाकरीभट्टीवाल्यापासून होते. हा गृहस्थ धान्य दळायला जाताना आपले तंतुवाद्य बरोबर नेई आणि चक्की फिरत असताना वाजवत बसे. ताल सांभाळायला तो तिथेच शिकला असणार, असा शेरा बाखने मिस्कीलपणे मारला आहे. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला ही वंशावळ परकी वाटू नये.

नऊ-दहा वर्षांचा असताना वर्षभराच्या आत आई आणि वडील दोघेही गेले. मग ओरड्रूफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला सांभाळले. पंधराव्या वर्षी तो उत्तरेकडे ल्यूनेबुर्कला चर्चच्या शाळेत गायक विद्यार्थी म्हणून दाखल झाला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे लाइपझिगमध्ये ही गोष्ट त्याच्या विरोधात गेली.

चाकरीची वर्षे

१७०३ मध्ये आर्नश्टाट येथे त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. तिथल्या चर्चच्या दफ्तरात तरुण बाख स्पष्ट दिसतो. एका विद्यार्थी-वादकाच्या फगॉटवादनाची (फगॉट हे फुंकून वाजवायचे खर्जातले वाद्य) त्याने टिंगल केली, त्यावरून रस्त्यात मारामारी झाली, चौकशी बसली. १७०५ च्या हिवाळ्यात चार आठवड्यांची रजा घेऊन तो सुमारे ४०० किलोमीटर दूर ल्यूबेकला, दीट्रिख बुक्स्टेहुडेचे ऑर्गनवादन ऐकायला गेला, तोही पायी, असे बाखच्या मृत्युलेखात म्हटले आहे. परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी. जाब विचारताना वरिष्ठांनी आणखी एक तक्रार पुढे केली: हा प्रार्थनागीतांच्या साथीत असे काही चमत्कारिक स्वर मिसळतो की गाणारे गोंधळून जातात. बुक्स्टेहुडेकडून तो काय घेऊन आला, याची यापेक्षा चांगली साक्ष नाही.

म्यूलहाउझेनमधील वर्षभराच्या नोकरीत त्याचे दूरच्या नात्यातील मारिया बार्बाराशी लग्न झाले. १७०८ ते १७१७ तो वायमारच्या दरबारी होता. ऑर्गनसाठीच्या त्याच्या बऱ्याच रचना इथल्या. ऑर्गन तपासायला त्याला गावोगावी बोलावत. तपासणीला बसला की तो आधी नळ्यांचे सगळे संच सुरू करणाऱ्या खुंट्या ओढून पूर्ण ताकदीने वाजवी आणि म्हणे, याची फुप्फुसे दमदार आहेत का ते आधी पाहू. वाद्य बांधणाऱ्यांचे चेहरे पडत, असे त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने लिहून ठेवले आहे.

१७१७ मध्ये क्योटेनच्या राजपुत्राकडून बोलावणे आले. वायमारचा ड्यूक विल्हेल्म अर्न्स्ट सोडायला तयार नव्हता; बाखने हट्ट धरल्यावर ड्यूकने त्याला जवळजवळ चार आठवडे कोठडीत डांबले आणि मग अपमानास्पद रीतीने मुक्त केले. क्योटेनचा राजपुत्र लिओपोल्ड स्वतः वाजवणारा होता, पण कॅल्व्हिन पंथाचा. या पंथात चर्चमध्ये थाटाच्या संगीताला जागा नाही. म्हणून बाखचे या काळातले लेखन मुख्यतः वाद्यांसाठी आहे: एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचना, एकट्या चेलोचे (व्हायोलिनच्या जातीच्या खर्जातल्या वाद्याचे) संच, आणि १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्कच्या मार्कग्राफला, म्हणजे एका जर्मन सरदाराला, अर्पण केलेले सहा कोंचेर्तो, म्हणजे वाद्यसमूहासाठीच्या रचना. १७२० मध्ये राजपुत्राबरोबर प्रवासात असताना मारिया बार्बारा वारली. तो परतला तेव्हा दफनही उरकले होते. व्हायोलिनच्या डी मायनर पार्तितातील (नृत्यरचनांच्या संचातील) शाकोन हा पंधराएक मिनिटांचा भाग म्हणजे तिचा शोक आहे, अशी कथा आज फार लोकप्रिय आहे. तिला आधार नाही, आणि त्या रचनेला अशा आधाराची गरजही नाही. १७२१ च्या डिसेंबरात त्याने गायिका आना माग्दालेना हिच्याशी विवाह केला. दोन्ही विवाहांतून वीस मुले झाली. त्यांपैकी दहा मोठी होईपर्यंत जगली.

लाइपझिग

१७२३ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून बाखची नेमणूक झाली. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान, नंतर ग्राउप्नर, हे दोघे समकालीन रचनाकार. दोघेही हाती न लागल्याने बाख आला. सर्वोत्तम मिळत नसतील तर मध्यम प्रतीचे घ्यावे लागतात, असे एका सभासदाने बोलूनही दाखवले. पुढची २७ वर्षे तो याच जागी राहिला.

पहिल्या काही वर्षांतला त्याचा कामाचा झपाटा आजही नीट कल्पनेत येत नाही. रविवारी आणि सणांना मुख्य उपासनेत कँटाटा सादर व्हायचा. कँटाटा म्हणजे एकल गायक, वृंदगान आणि वाद्यवृंद यांची सुमारे वीस-पंचवीस मिनिटांची धार्मिक रचना. त्या दिवशीच्या बायबल-पाठाला धरून, प्रवचनाच्या आधी. बाखने तो जवळजवळ दर आठवड्याला नवा लिहिला. आधी संहिता, मग मूळ लेखन, मग शिष्य, मुले आणि आना माग्दालेना यांनी प्रत्येक वादक-गायकासाठी उतरवून काढलेल्या प्रती, मग तालीम, आणि रविवारी सकाळी सात वाजता चर्चमध्ये हजर. ही घाई हस्तलिखितांत उमटली आहे. पान संपले की शाई वाळेपर्यंत उलटता येत नसे. तेवढ्यात पुढची ओळ डोक्यातून जाऊ नये म्हणून बाख पानाच्या तळाशी तिचे चार-दोन स्वर खरडून ठेवी. सुरुवातीला ‘येशू, साहाय्य कर’ याची आणि शेवटी ‘केवळ देवाचा गौरव’ याची लॅटिन आद्याक्षरे. मृत्युलेखानुसार कँटाटांचे असे पाच वर्षांचे संच होते. आज सुमारे २०० धार्मिक कँटाटा उपलब्ध आहेत. बाकीचे गहाळ झाले.

गायला होती शाळेतली मुले. १७३० मध्ये नगरसभेला दिलेल्या निवेदनात बाखने त्यांची सरळ वर्गवारी केली: १७ उपयोगी, २० अजून तयार न झालेली, १७ निरुपयोगी. त्याच वर्षी एका बालमित्राला लिहिलेल्या पत्रात तो कुरकुरतो की इथली महागाई फार, वरिष्ठांना संगीताचे प्रेम नाही, आणि गेल्या वर्षी हवा चांगली असल्याने अंत्यविधी कमी झाले. त्यामुळे अंत्यविधीच्या संगीतासाठी मिळणाऱ्या दक्षिणेत १०० थालरहून (थालर हे तेव्हाचे चांदीचे नाणे) अधिक तोटा आला. हे वाचून त्याच्याबद्दलचा आदर कमी होत नाही, माणूस जवळचा वाटतो इतकेच.

‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही ख्रिस्ताच्या यातनांची कथा सांगणारी दोन वृंदांची भव्य रचना याच ठिकाणची. ती बहुधा १७२७ च्या गुड फ्रायडेला प्रथम सादर झाली. तिच्यात येशूच्या प्रत्येक वाक्याभोवती तंतुवाद्यांचे लांब स्वर तेजोवलयासारखे धरलेले असतात. क्रुसावरून ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ असे तो म्हणतो तेवढ्या एका जागी ती वाद्ये गप्प होतात.

१७२९ पासून बाखने विद्यार्थी-वादकांच्या एका मंडळाची सूत्रे घेतली. त्यांचे कार्यक्रम त्सिमरमानच्या कॉफीगृहात होत. कॉफीचे व्यसन लागलेली मुलगी आणि वैतागलेला बाप यांचा त्याचा विनोदी ‘कॉफी कँटाटा’ या वातावरणात शोभणारा. ऑपेरा त्याने कधी लिहिला नाही, पण जमला असता असे हा ऐकून वाटते.

रचनातंत्र

आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वरावली पुढे जाते, साथ तिच्या मागून. बाखच्या संगीतात दोन, तीन, कधी सहा स्वतंत्र चाली एकदम चालतात. प्रत्येक एकटी गायली तरी पुरी वाटते आणि एकत्र आल्या की परस्परांना धरून असतात. याला काउंटरपॉइंट म्हणतात. त्याचा सर्वांत शिस्तबद्ध प्रकार म्हणजे फ्यूग. एक आवाज मुखडा एकट्याने मांडतो, तो पुरा झाला की दुसरा आवाज तोच मुखडा बहुधा पंचमावरून घेतो, तेव्हा पहिला आपल्या वाटेने पुढे गेलेला असतो, मग तिसरा.

१७४७ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने पोट्सडाम येथे बाखला असा एक मुखडा दिला आणि त्यावर तिथल्या तिथे फ्यूग वाजवायला सांगितले. मुखडा आपल्या स्वरांत असा: सा, कोमल ग, प, कोमल ध, तिथून एकदम खाली मंद्र शुद्ध नी, क्षणभर थांबून प, तीव्र म, शुद्ध म, शुद्ध ग, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे, सा, नी असे एकेक पट्टी उतरत येणे. दोन्ही मध्यम, दोन्ही गंधार, दोन्ही रिषभ लागोपाठ. गुणगुणून पाहावे म्हणजे हे प्रकरण किती अडचणीचे आहे ते कळेल. बाखने तीन आवाजांचा फ्यूग जागेवर वाजवला. सहा आवाजांची फर्माईश झाली तेव्हा त्याने स्वतःचा सोपा मुखडा निवडला. पण घरी परतल्यावर राजाच्याच मुखड्यावर सहा आवाजांची रचना लिहून, छापून पाठवली. हे ‘संगीत-नजराणा’ म्हणून ओळखले जाणारे पुस्तक.

‘वेल-टेंपर्ड क्लाव्हिअर’ (पहिला भाग १७२२, दुसरा सुमारे १७४२) हे दुसरे आधारपुस्तक. क्लाव्हिअर म्हणजे सुरपट्टीचे वाद्य. बाराही पट्ट्यांच्या मेजर व मायनर (ढोबळमानाने शुद्ध व कोमल गंधाराच्या) प्रकारांत मिळून २४ प्रेल्यूड, म्हणजे फ्यूगआधीच्या छोट्या रचना, आणि २४ फ्यूग, असे दोनदा. तानपुऱ्यात ऐकू येतात तसे शुद्ध स्वरांतर सुरपट्टीच्या वाद्यात सगळीकडे बसवता येत नाही. काही पट्ट्या गोड लागल्या की उरलेल्या बेसूर होतात. थोडी थोडी तडजोड सगळीकडे वाटून दिली, की बाराही पट्ट्या वाजवण्याजोग्या होतात, हे या पुस्तकाने दाखवले. आपल्या पेटीत हीच तडजोड पुढे काटेकोर समान वाटणीपर्यंत गेली. तिच्यावरचा गवयांचा आक्षेप आणि आकाशवाणीची दीर्घकाळची बंदी यांचे मूळ तिथे आहे. बाखची स्वतःची वाटणी मात्र अगदी समान नसावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अखेर व पुनरुज्जीवन

शेवटच्या वर्षांत त्याने ‘बी मायनर मास’ (चर्चच्या उपासनेतील लॅटिन पाठांची संगीतरचना) पुरा केला आणि आधीच हाती घेतलेल्या ‘फ्यूगची कला’ या संग्रहावरचे काम चालू ठेवले. दृष्टी जात चालली होती. १७५० च्या वसंतात जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने दोन शस्त्रक्रिया केल्या. दृष्टी गेलीच, प्रकृतीही ढासळली, आणि जुलैत बाख वारला. बाखप्रमाणेच १६८५ मध्ये जन्मलेल्या हेंडेल या रचनाकाराच्या डोळ्यांवरही पुढे याच टेलरने हात चालवला, आणि गुण तिथेही आला नाही. आना माग्दालेना दहा वर्षांनी नगराच्या मदतीवर जगत वारली.

बाख पुरता विसरला गेला, हे खरे नाही. त्याच्या फ्यूगच्या हस्तलिखित प्रती शिष्यांकडून फिरत राहिल्या. मोझार्टने त्या अभ्यासल्या, लहानग्या बेथोव्हेनने बॉनमध्ये वाजवल्या. मागे पडले होते ते मोठे गायनसंगीत. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सझोन या रचनाकाराने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ काटछाट करून सादर केले आणि चित्र पालटले. १८५० मध्ये बाख सोसायटी स्थापन झाली. तिने अर्धशतक खर्चून समग्र रचना छापल्या. चेलोचे संच तर विसाव्या शतकात पाब्लो कासाल्स या चेलोवादकाने मैफलीत आणीपर्यंत बहुतेकांना सरावाचे धडे वाटत.

१९५० मध्ये वोल्फगांग श्मीडरने केलेली बाखच्या रचनांची बीडब्ल्यूव्ही ही क्रमसूची आज सर्वमान्य आहे. तिच्यात अजून भर पडते. २००५ मध्ये वायमारच्या ग्रंथालयातील कागदांत बाखच्या हस्ताक्षरातले एक अज्ञात गीत सापडले. ऑक्टोबर १७१३ मध्ये ड्यूक विल्हेल्म अर्न्स्टच्या वाढदिवसासाठी, म्हणजे कोठडीच्या चार वर्षे आधी, लिहिलेले. सूचीत त्याचा क्रमांक ११२७.