चिपळूणची निळी रेषा, लाल रेषा: आधी गाव, मग नकाशा

चिपळुणात आता प्लॉट घ्यायचा म्हटलं की सातबाऱ्याच्या आधी एकच प्रश्न येतो, जागा पूररेषेच्या निळ्यात आहे की लाल्यात? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हे बोलणं घराघरात शिरलं, पण मुळात भानगड बरीच जुनी आहे.

केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना राज्यांना पाठवला होता, बहुतेक राज्यांनी तो बासनात गुंडाळला. महाराष्ट्रात कायद्याऐवजी पाटबंधारे खात्याचं १९८९ चं परिपत्रक आलं. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येईल तो लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, म्हणजे बाग, पार्किंग असलं काहीतरी करा, घर नको. निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित, तिथे बांधा पण जोतं लाल रेषेच्या वर घ्या.

कागदावर बरोबरच आहे, मला तरी यात काही चुकीचं दिसत नाही. पण चिपळूण वाशिष्ठी नदीकाठी वसलं ते काय हौसेने? दाभोळच्या खाडीतून गलबतं गोवळकोटपर्यंत यायची, माल उतरायचा आणि कुंभार्ली घाटाने वर जायचा, मग बाजारपेठ पाण्यापासून लांब कशी असेल! १८६४ साली सुरू झालेलं इथलं वाचन मंदिर २००५ लाही बुडालं आणि २०२१ लाही. १९६२ पासून पोफळीला वीज तयार झाली की कोयना धरणाचं अवजल, म्हणजे वीज करून उरलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं, त्यात वरून डोंगराचा गाळ आणि खालून भरती, म्हणजे पाण्याने जायचं कुठे.

म्हणूनच पूररेषांच्या नकाशात शहराचा मोठा भाग रेषांच्या आत दिसला तेव्हा लोक भडकले. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, मागण्या दोन, गाळ काढा आणि पूररेषा रद्द करा. पहिली शंभर टक्के पटते. दुसरीबद्दल माझं मत वेगळंय, रेषा पुसली म्हणून पाणी थोडंच थांबणारे? पण ज्याची दोन गुंठे जागा निळ्यात गेली त्याला कोणी भरपाई देत नाही, जागा त्याच्याच नावावर राहते फक्त बांधता येत नाही, आणि हा राग खोटा नाही.

मामाच्या दुकानात २००५ च्या पाण्याची खूण ऑइलपेंटने केलेली आहे, सगळे रॅक त्या खुणेच्या वर चढवले होते. २०२१ ला पाणी त्याच्याही हातभर वर गेलं. आता वर मजला चढवायचाय, तर बँकेवाले पहिल्यांदा पूररेषेचा दाखला मागतात आणि तो आणायला मामाची तिसरी चक्कर चालूये.