एकाच डोमेनमध्ये गटागटांसाठी वेगळे पासवर्ड नियम: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (संस्थेतली खाती आणि संगणक सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) संपूर्ण डोमेनला, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांच्या आणि संगणकांच्या समूहाला, मुळात एकच पासवर्ड धोरण असते आणि ते डिफॉल्ट डोमेन पॉलिसीत लिहिलेले असते. किमान ७ अक्षरे, ४२ दिवसांनी बदल, मागचे २४ पासवर्ड पुन्हा वापरता येणार नाहीत, ही त्याची मूळ मूल्ये. ॲडमिन, सर्व्हिस खाती (ज्यांवर सेवा आणि प्रोग्रॅम चालतात ती) आणि रोजचे कर्मचारी या सगळ्यांना ती सारखी लावून चालत नाही. विभागाच्या ओयूला (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला खाती आणि संगणक ठेवायचा कप्पा) नवी ग्रुप पॉलिसी, म्हणजे सेटिंग्जचा संच, जोडून तिथे लांबी वाढवणे हा सर्वांना आधी सुचणारा उपाय, पण तो निरुपयोगी आहे. ती पॉलिसी त्या ओयूतल्या संगणकांवरच्या स्थानिक खात्यांना लागते, डोमेन खात्यांना नाही. यासाठी पासवर्ड सेटिंग्ज ऑब्जेक्ट, म्हणजे पीएसओ, तयार करावा लागतो.

पात्रता

डोमेनची फंक्शनल लेव्हल (कोणत्या आवृत्तीच्या सुविधा चालतात ती पातळी) विंडोज सर्व्हर २००८ किंवा त्यापुढची हवी. सर्व्हर २०१२ पासून हे काम ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरच्या खिडकीतून होते. त्याआधी एडीएसआय एडिट या साधनात एकेक मूल्य हाताने भरावे लागे. पीएसओ तयार करण्याचा अधिकार मुळात फक्त डोमेन ॲडमिन्सना असतो.

पीएसओ दोघांनाच लागतो: एखाद्या वापरकर्त्याला थेट, किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला. युनिव्हर्सल, डोमेन लोकल किंवा डिस्ट्रिब्युशन ग्रुप चालत नाही. ओयूही नाही. ओयूनुसारच नियम हवे असतील तर त्या ओयूतल्या सगळ्यांचा एक ग्लोबल ग्रुप, म्हणजे शॅडो ग्रुप, करतात. माणूस एका ओयूतून दुसऱ्यात हलवला तरी हा ग्रुप आपोआप बदलत नाही. सदस्यत्व जुळवणारी स्क्रिप्ट रोज चालवली नाही, तर नवीन माणूस जुन्याच नियमांवर राहतो.

कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत

बदल-विनंतीच्या अर्जात ग्रुपचे नेमके नाव व प्रकार, सगळी मूल्ये, प्रिसीडन्स (प्राधान्य) क्रमांक, मंजुरी देणाऱ्याची सही आणि बदल मागे घेण्याची पद्धत हे सगळे हवे. त्याला दोन याद्या जोडाव्यात.

पहिली यादी सदस्यांची, प्रत्येकाने पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखेसह. नव्या लांबीची सक्ती पुढच्या बदलाच्या वेळी होते, पण कमाल मुदत लगेच लागू होते. मुदत १८० वरून ६० दिवसांवर आणली, तर ज्यांचा पासवर्ड ६० दिवसांहून जुना आहे त्या सगळ्यांची मुदत त्याच क्षणी संपते आणि मदतकक्षाचा फोन खाली ठेवता येत नाही. तारखा हाताशी असतील तर ग्रुपमध्ये माणसे टप्प्याटप्प्याने घालता येतात.

दुसरी यादी सर्व्हिस खात्यांची: कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या सेवेत किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये तो पासवर्ड भरलेला आहे. शक्य तिथे ही खाती ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट या प्रकारच्या, ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वतः पासवर्ड सांभाळते अशा खात्यांवर न्यावीत. त्यांचा पासवर्ड मुळात दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि त्यांना पीएसओची गरजच उरत नाही.

प्रक्रिया

ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये डोमेन, मग सिस्टीम, मग पासवर्ड सेटिंग्ज कंटेनर उघडा आणि न्यू खालचा पासवर्ड सेटिंग्ज निवडा. नाव आणि प्रिसीडन्स भरा. क्रमांक १०, २०, ३० असे अंतर सोडून द्या. पुढे मध्ये एखादा घालावा लागतोच. ग्रुपमार्फत एकाच माणसाला दोन पीएसओ लागले तर लहान क्रमांक जिंकतो.

ॲडमिन खात्यांसाठी किमान १५ अक्षरे ठेवणे योग्य. पीएसओत २५५ पर्यंत मुभा आहे. सामान्य कर्मचाऱ्यांना ठरावीक दिवसांनी बदलाची सक्ती करण्यात आता फारसा अर्थ नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशी सक्ती करू नये असे सांगितले आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सेटिंग्जच्या संचातून) ती काढली. लांबी वाढवा, मुदत सैल करा. पासवर्डचे किमान वय, म्हणजे पुन्हा बदलण्याआधी थांबायचा काळ, १ दिवस मात्र राहू द्या, नाहीतर लोक एका बैठकीत २४ पासवर्ड बदलून पुन्हा जुन्यावर येतात.

आता लॉकआउटचा, म्हणजे चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होण्याचा, रकाना. तो नव्या पीएसओत टिक केलेला नसतो. तसाच सोडला तर त्या ग्रुपला लॉकआउटच राहत नाही, कारण पीएसओ लागला की डोमेनच्या मूळ धोरणातले काहीच उरत नाही. लांबी इथून, लॉकआउट तिथून अशी सरमिसळ होत नाही. एकच पीएसओ संपूर्ण लागतो. सर्वात कडक पासवर्ड असलेल्या ॲडमिनच्या खात्यावर अमर्याद अंदाज लावायची मुभा, अशी विचित्र अवस्था यातूनच येते. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा फार कमीही नको. फोनमधल्या मेल ॲपमध्ये जुना पासवर्ड राहिला तर ३ प्रयत्न क्षणात संपतात. लॉकआउटचा कालावधी प्रयत्न मोजण्याच्या कालावधीपेक्षा कमी ठेवता येत नाही.

शेवटी डायरेक्टली अप्लाइज टू मध्ये ग्रुप जोडा आणि सेव्ह करा.

तपासणी

वापरकर्त्यावर उजवी क्लिक करून व्ह्यू रिझल्टंट पासवर्ड सेटिंग्ज पाहा, किंवा पॉवरशेलमध्ये गेट-एडीयूझररिझल्टंटपासवर्डपॉलिसी ही कमांड त्याच्या नावासह चालवा. वापरकर्त्याला थेट जोडलेला पीएसओ असेल तर क्रमांक काहीही असो, तो ग्रुपच्या पीएसओवर मात करतो. अचानक वेगळेच नियम दिसले तर आधी हे तपासा.

कमांडचे उत्तर रिकामे आले, तर पीएसओ लागलेला नाही आणि मूळ धोरण चालू आहे, असा अर्थ होतो. पण मदतकक्षाच्या साध्या खात्याला पीएसओ वाचण्याची परवानगी मुळात नसते, त्यामुळे त्यालाही रिकामेच उत्तर येते. आधी त्यांना कंटेनर वाचण्याची परवानगी द्या. नेट अकाउंट्स या जुन्या कमांडवर विसंबू नका, ती मूळ धोरणच दाखवते. खात्यावर पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स अशी खूण असेल तर पीएसओतली मुदत तिथे चालत नाही. अशी खाती शोधून खूण काढावी लागते. मुदत संपण्याची सूचना पाठवणारी जुनी स्क्रिप्ट डोमेनची ४२ दिवसांची मुदत धरून हिशेब करत असेल, तर तीही बदलून घ्या.