वन बीएचकेचं फर्निचर: सुतार येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

कोटेशन हातात आलं की नजर आधी दरावर जाते. वॉर्डरोबचा दर समोरून दिसणाऱ्या मापावर लावतात: ७ फूट उंच, ६ फूट रुंद, म्हणजे ४२ स्क्वेअर फूट. प्लाय मात्र आतल्या मांडणीप्रमाणे लागतो. २ फूट खोल, तीन भागांच्या अशा वॉर्डरोबला बाजू, उभ्या फळ्या, वरची-खालची फळी, सहा शेल्फ आणि शटर (म्हणजे दारं) मिळून सुमारे १४६ स्क्वेअर फूट १८ मिमी प्लाय जातो. तुकडे वाया जातातच, त्यामुळे ८ बाय ४ च्या ५ ते ६ शीट धरा. ड्रॉवर वेगळे. एखाद्याचा दर फारच कमी असेल तर शेल्फ किती, पाठ आहे की थेट भिंतच, आतून लॅमिनेट की नुसता रंग, हे विचारा.

शटरला बाहेरून १ मिमी लॅमिनेट लावून आतली बाजू कोरी सोडली, तर ते वाकतंच. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या पाहिजेत. ७ फुटी शटरला चार बिजागऱ्या लागतात. तीनवर भागवलं की शटर खाली उतरून घासतं.

वॉर्डरोब कुठे ठेवायचा? १० बाय १० ची खोली घ्या. क्वीन गादी ७८ बाय ६० इंच, डोक्याकडची फळी धरून लांबी ८२. पायाशी २४ इंची वॉर्डरोब लावला की १२० पैकी उरतात १४ इंच. दार उघडणार नाही, माणूसही उभा राहणार नाही. स्लायडिंगनेही भागत नाही, कारण दोन शटर एकमेकांमागून सरकायला वॉर्डरोबची खोली २७ इंचांपर्यंत जाते. त्याऐवजी पलंगाच्या कुशीकडची भिंत घ्या: फ्रेम धरून पलंगाची रुंदी ६२, अधिक वॉर्डरोबचे २४, उरले ३४. पलंग पलीकडच्या भिंतीला टेकतो, चादर घालताना थोडी कसरत होते, पण रोज कपडे काढता येतात.

भिंत बाहेरची असेल तर आधी ओल तपासा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून दुरुस्ती झाल्याशिवाय तिथे फर्निचर नकोच. रंगाखाली ओल झाकता येते, प्लायमागे नाही.

मोजमाप टाइल्स आणि प्लास्टर झाल्यावरच घ्यावं. भिंती ओळंब्यात (अगदी सरळ उभ्या) नसतात, म्हणून आम्ही रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजतो, सर्वांत लहान माप धरतो आणि उरलेली फट पट्टीने बुजवतो. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का, हे तुम्हीही बघू शकता: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फुटांवर खूण करा, खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा धड असेल तर तोडू नका. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही. बिजागरी मात्र कडप्प्यावर थेट बसत नाही, आधी फ्रेम बसवावी लागते. सिंकखाली आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेलाच प्लाय वापरा. एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय, बेडरूमपुरता. ओट्याची उंची ३४ इंच रूढ आहे, पण स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून ४ ते ६ इंच खाली हे माप जास्त खरं.

सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर गळलेला गॅस बाहेर जायला जाळी तळाशी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. पाइपच्या गॅसला जाळी वर हवी, तो हलका.

पीओपीबद्दल थोडक्यात: ९ फुटी छताला कडेने पट्टी पुरे. पंख्याचा हूक स्लॅबमध्येच राहू द्या.

आम्ही मोजायला येऊ तेव्हा फ्रिज आणि वॉशिंग मशीनची मापं (दार उघडल्यावरचीही), गादीचा आकार आणि मायक्रोवेव्ह, इंडक्शन, एसी, गीझर कुठे येणार हे लिहून ठेवा. एसी आणि गीझरला ४ स्क्वेअर मिमी वायर लागते, आणि फर्निचर बसल्यावर ती ओढायची म्हणजे नव्या कपाटामागची भिंत फोडणं आलं.